सगळं लेखी घ्या

मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. कपडे मशीनमध्ये जाण्याआधी त्यांचे खिसे तपासणं हे माझं काम, आणि त्यामुळे माणसांबद्दल माझं मत काही फार चांगलं राहिलेलं नाही. ऑफिसात उशीर झाला असं घरी सांगणाऱ्याच्या खिशात सिनेमाची दोन तिकिटं निघतात. सिगरेट सोडल्याची शपथ घेतलेल्याच्या कोटात काडेपेटी. मी वस्तू पाकिटात घालून परत देते आणि तोंडातून अक्षर काढत नाही. पण दिसतं ते दिसतंच.

माझा नवरा याच्या अगदी उलट. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दोराच्या भरवशावर लटकणाऱ्या माणसाला संशय परवडत नाही म्हणा. पण हा जमिनीवर आल्यावरही तसाच. कुणी जरा गोड बोललं की विरघळला. या देशात आलो तेव्हा एका हसऱ्या एजंटाने त्याचा परवान्याचा पहिला अर्ज भरला आणि अनुभवाचं एक खोटं पत्र आपल्याच हाताने त्याला चिकटवून दिलं. अर्ज नामंजूर झाला, शेरा नवऱ्याच्या नावावर बसला आणि एजंट पाटी उतरवून पसार झाला. पुढे नवऱ्याच्या मालकाने सरळ मार्गाने कामाचा परवाना काढून दिला, त्यावर इतकी वर्षं निभावली. पण आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता आणि त्यात तो जुना शेरा सांगावाच लागणार होता.

थांबायलाही वाव नव्हता. लेक चार महिन्यांत अठराची होणार होती. त्यानंतर आईबापाच्या अर्जात तिचं नाव घालता येत नाही. इथेच बोलायला शिकलेली पोर परक्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहणार, आणि तेही एका हसऱ्या मेल्यामुळे, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"या खेपेला वकील मी बघणार," मी घरात जाहीर केलं. "आणि तोंडी काही नाही. सगळं लेखी घ्यायचं."

"अगं, माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"आहे ना. एकदा भरली आहे आपण."

लेक हसली. नवराही हसला. तो तेव्हा हसायचा.

आमच्या दुकानात कोपऱ्यात एक रफूगार बसतात. त्यांना नुकतंच नागरिकत्व मिळालं होतं. त्यांनी आपल्या वकिलाचं नाव आम्हा दोघांनाही सांगितलं आणि मी एकटीच जाऊन आले. पहिल्या पाच मिनिटांतच मी त्या वकिलाचं नाव साखरतोंड्या ठेवलं. मऊ सोफा, चहा, टेबलावर चॉकलेटची बशी.

"वहिनी, काळजी सोडा. काम झालंच समजा."

मला एकच घोर होता, तो मी विचारून टाकला. "ह्यांच्या जुन्या शेऱ्यामुळे आमचं अडणार असेल, तर ह्यांना वगळून माझा आणि लेकीचा अर्ज करता येईल का?"

"येईल की! उलट चटकन होईल. तुमचे कागद स्वच्छ आहेत."

मग मी माझी परीक्षा काढली. वकिलाची पारख कशी करायची याचा मी पुष्कळ विचार केला होता. भिंतीवरच्या सनदा काय, कुणीही टांगेल. म्हणून मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या रफूगारांचं काम तुम्हीच केलंत ना? फार अवघड होतं म्हणे."

तो पुढे वाकला, आवाज खाली आणला, आणि सुरूच झाला. रफूगारांचं पहिलं लग्न, ते कसं मोडलं, त्या बाईने काय लिहून दिलं, कुठल्या खुर्चीत बसून रफूगार रडले. मी न विचारलेलंही सांगितलं. मी चॉकलेट न घेता उठले. दुसऱ्या दिवशी रफूगारांकडे वर मान करून बघणं मला जड गेलं.

"तो नको," मी घरी सांगितलं.

"का? इतका चांगला तर म्हणतात."

"नको म्हणजे नको." कारण द्यायचं तर रफूगारांची गोष्ट सांगावी लागली असती.

"तुला कोण पसंत पडणार आहे? तुझा विश्वास पानिपतावर गेला," असं पुटपुटत तो जेवायला बसला.

मग मी आणखी दोघं पाहिले. एकाने शंभर टक्के हमी दिली, म्हणून तो बाद. दुसऱ्याचा सनद क्रमांक मी वकिलांच्या नोंदणी कचेरीत जाऊन ताडून पाहिला, तर त्या क्रमांकावर भलत्याच गृहस्थांचं नाव. चौथी एक बाई निघाली. फरशीच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, लाकडी खुर्च्या, पाणीसुद्धा आपलं आपण घ्यायचं. क्रमांक खरा होता. मी विचारलं, जुना शेरा असलेली प्रकरणं केली आहेत का? केली आहेत म्हणाली. काही जिंकले, काही हरले, का हरले तेही सांगितलं, पण एकही नाव न घेता. काम तुम्ही करणार की मदतनीस? अर्ज मी लिहिणार, झेरॉक्स मदतनीस काढणार. हमी? हमी कुणीच देऊ शकत नाही.

मग मी जाळं टाकलं. "आमच्या दुकानातली एक मैत्रीण तुमच्याकडे आली होती. तिचं काय झालं हो?"

"माझ्याकडे कोण येतं, ते मी सांगत नाही," बाई म्हणाल्या. "उद्या कुणी विचारलं तर तुम्ही आलात हेही सांगणार नाही."

ताकास तूर लागू देईनात. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. तिथल्या तिथे त्यांचं नाव कुलूपबाई ठेवलं आणि करार लेखी करून घेतला. त्यात एक अट त्यांची होती: नवरा आणि बायको, दोघांशी आधी वेगवेगळं बोलणार. ज्याने अर्जाला धक्का लागेल ते दोघांसमोर उघड करणार, बाकी या कानाचं त्या कानाला नाही. मी आनंदाने सही केली.

ठरल्या दिवशी आधी मी आत जाऊन आले. मग नवरा गेला. बराच वेळ झाला. बाहेर आला तेव्हा डोळे तांबारलेले.

"काय विचारलं?"

"तेच. नाव, गाव."

नाव-गाव सांगताना कुणाचे डोळे लाल होतात? मी तशीच आत शिरले. कुलूपबाई म्हणाल्या, "अर्ज मी सध्या थांबवते आहे. त्यांना तुमच्याशी काही बोलायचंय. ते बोलले की दोघं मिळून या."

"काय बोलायचंय?"

"ते त्यांनीच सांगायला हवं."

"मुलीचे दिवस सरत चाललेत, बाई!"

"मला माहीत आहे. म्हणूनच लवकर बोला."

माझा असा संताप झाला! मी शोधलेलं कुलूप, मी पारखून आणलेलं, आणि ते मलाच बाहेर ठेवून बसलं होतं.

नवरा बोलला नाही. आज नाही, उद्या नाही. जेवताना ताटात बघायचा, जेवण झालं की कूस बदलून झोपायचा. तेव्हा लक्षात आलं, हा गप्पपणा कुलूपबाईंकडे जाण्याच्याही आधीचा आहे. मीच वकील शोधण्याच्या नादात पाहिला नव्हता. मग माझं डोकं चालू लागलं. रफूगारांसारखं पहिलं लग्न? दुसरी कुणी? तिकडे कुणाला पैसे पाठवतो? दुसऱ्यांचे खिसे रोज तपासणारी मी, घरच्या माणसाचे खिसे कधी तपासले नव्हते. ते तपासले. कामाच्या पँटमध्ये एक पान्याचं बिल, एक रबरी वॉशर, आणि साखरतोंड्याचं कार्ड.

दुपारच्या सुट्टीत मी सरळ त्या मऊ सोफ्यावर जाऊन बसले. त्याच्या तोंडाला कुलूप नाही, हे मला माहीतच होतं. ज्या दोषासाठी त्याला नापास केला, त्याच दोषाच्या आशेने मी आले होते. लाज वाटली, पण उठले नाही.

"वहिनी! या, या. मिस्टर येऊन गेले ना, महिना झाला. मी म्हटलं त्यांना, वहिनी फार हुशार. आधीच विचारून गेल्या, नवऱ्याला वगळलं तर आमचं होईल का म्हणून."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. मग मला वगळा, म्हणाले, कसं करायचं ते सांगा. मी म्हटलं, सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे घटस्फोट. बघा तुम्ही दोघं. चॉकलेट घ्या ना!"

आधी प्रश्न विचारला आणि मग परीक्षा घेतली. मी इतकी शहाणी, आणि क्रम चुकले. रफूगारांचं त्याने मला सांगितलं, तर माझं दुसऱ्या कुणाला सांगणारच, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही.

नवऱ्याचं काम त्या दिवशी एका नऊ मजली इमारतीत होतं. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं, समोर आडवी दांडी लावलेली, आणि तो खाली खड्ड्यात बॅटरी घेऊन उतरलेला. मी दांडीला धरून वाकले.

"मी त्या साखरतोंड्याकडे जाऊन आले."

खालचा आवाज थांबला. "दांडीला रेलू नकोस," तो म्हणाला.

"मला का नाही विचारलंत?"

"तू मला विचारलं होतंस?"

"मी नुसती चौकशी केली. हो म्हणाला तो. तरी मी तिघांसाठी वकील शोधत फिरले ना? तुमच्यासाठीच ना?"

त्याने बॅटरी बंद केली. नुसता चेहरा दिसत होता, वर केलेला, कपाळावर काळं लागलेलं.

"तो लबाड वाटला म्हणून तू उठलीस," तो म्हणाला. "तेच उत्तर कुलूपबाईंनी दिलं असतं तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. तो विश्वास ठेवणारा माणूस आहे, त्याने ठेवलाही असता. मी दांडीवरचे हात काढून घेतले.

"घटस्फोट घेऊ, असं मी त्यांना सांगितलं," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, आधी बायकोशी बोला. मला जमेना."

मला रडू फुटलं. वर जाणारी दोन माणसं जिन्याशी थबकली आणि मग जिन्याने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुलूपबाईंकडे गेलो. त्यांनी दोघांसमोर कागद मांडले. घटस्फोट वगैरे काही लागत नाही, तो सल्ला कुणी दिला ते मी विचारत नाही, म्हणाल्या. तिघांचा अर्ज एकत्र केला तर जुन्या शेऱ्याची चौकशी होणार, ती लांबली तर मुलीची तारीख हुकणार. आधी मायलेकींचा केला तर तो सुखरूप जाईल. मग बायको नागरिक झाली की ती आपल्या सहीने नवऱ्यासाठी अर्ज करू शकते, एजंटाची सगळी हकिकत उघडपणे लिहून. त्यालाही हमी नाही, पण आशा बरी आहे. आणि तिने सही केली नाही, तर मात्र तो अर्ज होत नाही.

"तर आता किती नावं लिहू?" त्यांनी विचारलं.

म्हणजे उत्तर तेच होतं. साखरतोंड्याचं आणि कुलूपबाईंचं एकच. या वेळी मला उठून जाता येणार नव्हतं, आणि तो शेजारी बसला होता.

"दोन," मी म्हटलं. त्याच्याकडे बघून म्हटलं. "आणि माझे कागद आले की त्याच आठवड्यात ह्यांचा. सही मी करणार."

कुलूपबाईंनी मान डोलावली आणि पेन उचललं. नवरा आपल्या हातांकडे बघत होता. नखांतलं काळं कितीही घासलं तरी जात नाही त्याचं. मला वाटलं, आता हा हसेल, म्हणेल, चला, झालं एकदाचं.

"बाई," तो म्हणाला, "ही आत्ता जे म्हणाली, ते लेखी घेता येईल का?"

एकोणीस वर्षं मी त्याच्या कानीकपाळी ओरडत आले होते. पहिल्यांदाच त्याने माझं ऐकलं.

कुलूपबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोरा कागद पुढे ओढला आणि लिहून दिलं. त्याने तो दोनदा वाचला, घडी घातली, आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.