दोन झाकणं

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी माझ्याकडे एकेचाळीस नावं, छत्तीस फोन नंबर आणि एकोणतीस फोटो होते. उरलेल्या पाच जणांनी भावाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर दिला होता. फोटोंपैकी चार लग्नाच्या फोटोतून कापलेले होते. नावं सगळी पुरुषांची होती.

ही माणसं पातूर आणि चांदूर बाजार तालुक्यांतल्या गावांमधली. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या कपाशीवर रोजानं फवारणी करणारी. दर हंगामात त्यांच्यातले काही जण दवाखान्यात पोचतात, म्हणून अमरावतीच्या आमच्या संस्थेनं सुरक्षित फवारणीचा सहा आठवड्यांचा वर्ग काढला होता. साल २०२१. माणसं एका खोलीत बसवायची परवानगी नव्हती, म्हणून वर्ग फोनवर. पास होणाऱ्याला प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि पातूरकडच्या एका शेतकरी कंपनीनं सांगून टाकलं होतं की यापुढं काम प्रमाणपत्रवाल्यालाच.

मी रसायनशास्त्राची पदवी त्याच वर्षी घेतली होती. आठवड्याला दोन धडे पाठवायचे, शनिवारी पाच प्रश्न पाठवायचे आणि गुण मोजायचे, एवढं माझं काम. पहिल्या शनिवारी सरासरी दोन पूर्णांक तीन आली, दुसऱ्या शनिवारी तीन पूर्णांक सहा, तिसऱ्या शनिवारी चार पूर्णांक आठ. वर्ग चालवणारे खुशालराव सर निवृत्त कृषी अधिकारी. त्यांनी तो आलेख छापून टेबलाच्या काचेखाली सरकवला. मी तोवर दमले होते. शेतावरून आलेली माणसं जेवण झाल्यावर फोन उघडायची, नेटवर्क नसलं की मलाच विचारायची. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं.

पण त्या आलेखात मला एक गोष्ट टोचत होती. 'पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती?' या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर तीस मिली आलं होतं. एकेचाळीसपैकी एकेचाळीस. प्रयोगशाळेत एकाच बाटलीतून माप घेणाऱ्या दहा मुलींचे आकडे मी कधी सारखे आलेले पाहिले नव्हते.

म्हणून चौथ्या शनिवारी पाच प्रश्नांऐवजी मी गुण नसलेला एकच प्रश्न पाठवला. बाटलीच्या ज्या झाकणानं औषध मोजता ते धुऊन घ्या, हातमोजे घाला, औषधाऐवजी साधं पाणी घ्या. शेतात रोज जसं घेता तसंच घ्या आणि आम्ही पाठवलेल्या मापाच्या पेल्यात ओता. व्हिडिओ करा. चूक की बरोबर, कुणी विचारणार नाही.

तेहतीस व्हिडिओ आले. त्यांतल्या एकोणीसमध्ये हात बायकांचे होते.

नईमचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. हा पातूरजवळच्या एका गावातला, शनिवारी सगळ्यांत आधी उत्तरं पाठवणारा. तिन्ही वेळा पाचपैकी पाच. व्हिडिओत हातमोज्याच्या वर हिरव्या बांगड्या होत्या. मापाचा पेला प्लास्टिकच्या पन्नीतच होता, फक्त तोंड मोकळं केलेलं. त्या हातानं काठोकाठ भरलेली दोन झाकणं पेल्यात ओतली. पाणी अठ्ठेचाळीसच्या रेघेवर थांबलं.

मी नईमला फोन केला. तो म्हणाला, "घरवालीचा हात हाय, मॅडम. माह्यं नाव कापू नका."

नाव कापायला फोन केला नाही, हे त्याला पटवण्यात बराच वेळ गेला. मग तो सांगू लागला. तो ओळीनं फवारत जातो. बांधावर पाणी आणणं, औषध कालवणं, पंप भरून पाठीवर चढवून देणं हे त्याच्या बायकोचं, नगमाचं काम. सगळ्यांच्याच घरी असं असतं. तीस मिली त्याला पाठ होतं, कारण प्रश्न त्याला येत होते. नगमाला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. तिला सगळं येतं, चार वर्षांपासून तीच कालवते. पेला परीक्षेला लागेल म्हणून जपून ठेवला होता.

मी विचारलं, तिला काही त्रास होतो का. फवारणीच्या दिवशी संध्याकाळी तिला उलट्या होतात, असं तो म्हणाला. तोंडातून लाळ गळते, नजर धूसर होते. डॉक्टरनं ऊन लागलं म्हणून सलाईन लावलं होतं. विषबाधेची लक्षणं हा आमचा पाचवा धडा. त्याही प्रश्नाला नईमला पूर्ण गुण होते.

मी त्याला सांगितलं, तिला आजच सरकारी दवाखान्यात ने आणि फवारणीच्या औषधाची बाटली डॉक्टरांना दाखव. मग नगमाला फोन द्यायला सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मी तिला चूक झाली असं म्हटलं नाही. एवढंच विचारलं, की दोन झाकणं कशी ठरली.

"दोनच पडतात," ती म्हणाली. "पहिल्यापासून दोनच."

मग तिनंच आठवून सांगितलं. आधी दुकानदार लहान बाटली द्यायचा. यंदा मोठी दिली, स्वस्त पडते म्हणून. औषध तेच. मी तिला जुनं झाकण सापडतं का पाहायला सांगितलं. एक कोनाड्यात निघालं. दोन्ही झाकणं पाण्यानं मापून तिनं फोटो पाठवले. जुनं पंधरा मिली. नवं चोवीस.

"तुमी त्यायले शिकवून राहिल्या," शेवटी ती म्हणाली, "अन् दवाई तं माह्या हातानं पडते."

दुसऱ्या दिवशी मी खुशालराव सरांसमोर ते एकोणीस व्हिडिओ ठेवले. म्हटलं, आपला आलेख चढतोय तो नवऱ्यांचा आहे. उरलेले दोन शनिवार प्रश्न नकोत. जो हात कालवतो त्याच्याकडून पाण्याचं माप मागू आणि प्रत्येकीला तिच्या मापावर उत्तर देऊ. सरांनी व्हिडिओ पाहिले, सगळे पाहिले. चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेले दिसत होते.

"तू रसायनशास्त्र शिकली का संसारशास्त्र?" ते म्हणाले. "कोनाचा हात हाय हे पाहाचे पैसे नाही भेटत आपल्याले. परीक्षा नईमची हाय."

शनिवारचे प्रश्न थांबले तर पोरं तयारी सोडतील, निकाल पडेल, आणि पुढच्या वर्षी वर्गच राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं. नईमचं कामही त्याच निकालावर होतं. मी नईमला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, संध्याकाळचा फोन त्याच्या अभ्यासाला हवा की नगमाच्या मापाला. घरात फोन एकच. तो म्हणाला, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं नाही, व्हिडिओच आला. नवं झाकण एक भरून, मग अर्धं. पाणी छत्तीसवर. मी उत्तरात बोलून पाठवलं, की झाकण मोठं झालं हे तू बरोबर धरलंस, आता झाकण सोडूनच दे, पेल्यावर तीसची रेघ आहे.

शनिवारचे प्रश्न मी पाठवले नाहीत. सरांनी विचारलं नाही. काचेखालचा आलेख तिसऱ्या शनिवारवरच थांबला. मी रोज संध्याकाळी पाणी पाहत बसायचे. कुणी पेला तिरपा धरायची, कुणी वरून बघायची. मी एकेकीला सांगायचे, पेला सपाट दगडावर ठेव, डोळा रेघेच्या पातळीला आण. काहींनी एकदा पाठवून सोडून दिलं. चांदूर बाजारच्या एकानं लिहिलं, की बायकोचा हात परक्यांना दाखवायला वर्ग लावला नव्हता. चौघांनी नावंच काढून घेतली.

सप्टेंबरच्या मध्यावर शेवटची परीक्षा झाली. वीस गुण, पास व्हायला बारा. सदतीस जण बसले, सत्तावीस पास झाले. त्या रात्री मी अहवालाचा तक्ता भरला आणि त्यात सरांनी न सांगितलेला एक रकाना वाढवला. नईमचा शेवटचा व्हिडिओ सकाळीच आला होता. पन्नी काढलेला पेला, खाली दगड, त्याच हिरव्या बांगड्या.

त्याच्या ओळीत मी लिहिलं: नईम, वीसपैकी बारा. कालवणारी नगमा, नोंदणी नाही. पहिलं माप अठ्ठेचाळीस, दुसरं छत्तीस, तिसरं तीस.