माम म्हणजे मामंजी नव्हे

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. तुंबा म्हणजे आतून कोरून, वाळवून पोकळ केलेला भोपळा. हसलात ना? हसा. तुमच्या पेपरावर भोपळा आला की घरी जायची चोरी होते. पण या भोपळ्याने दोन खंड पाहिले आणि दोन बोली पोटात साठवल्या. आता पोकळ पोटातून आवाज जरा घुमूनच निघतो, त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडी भर सापडली तर ती पदरात घ्या.

माझा जन्म पिबोर नदीच्या मुलखातला. आज त्या देशाला दक्षिण सुदान म्हणतात. माझी वेल एवढी लांब होती, की शेंड्याचं पान गाईने खाल्लं तर ते बुंध्याला दुसऱ्या दिवशी कळायचं! तिथे मुर्ले लोक राहतात. ते गुरांवर जीव टाकतात आणि बैलाच्या रंगावर गाणी रचतात. एका मुर्ले आईने मला तोडलं, बिया काढल्या, उन्हात वाळवलं, कातड्याचा बंद बांधला आणि आपल्या लेकाच्या, कोरोकच्या, खांद्याला अडकवलं. रानात त्याची तहान भागवणं हे माझं काम.

मुर्ले बोलीची मोठी भावकी आहे. दिदिंगा आणि तेनेत या शेजारच्या बहिणी. पलीकडे इथिओपियात मुर्सी, सुरी, मेएन, आणि जंगलात मध काढणारे माजांग. या घराण्याला भाषेचे जाणकार 'सुरमिक' म्हणतात. बहिणी दूर दूर नांदायला गेल्या, पण माहेरची खूण राहिलीच. मुर्ले माणूस पाण्याला 'माम' म्हणतो, मुर्सी नुसतं 'मा' म्हणतो. जसं तुमचं पाणी आणि हिंदीतलं पानी. आणखी एक गंमत. काही वस्तू घोळक्यानेच दिसतात, तेव्हा त्या बोलींत मूळ शब्दच घोळक्याचा असतो. त्यातली एकच वेगळी सांगायची असेल तर शब्दाला शेपूट जोडतात. तुम्ही एकाचे अनेक करता, ते अनेकांतून एक काढतात. आहे की नाही उलटा न्याय?

पुढे कोरोक शिकायला औरंगाबादेला आला. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. त्याने पडेगावात एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेतली आणि मला खुंटीवर टांगलं. घरात बद्रीनाथ, त्याची बायको सरूबाई आणि बद्रीनाथचे वडील काकासाहेब. सासऱ्याला सरूबाई मामंजी म्हणायची आणि दिवसातून शंभरदा म्हणायची. "मामंजी, चहा! मामंजी, चष्मा कपाळावर हाय, खाटंखाली काय हुडकता?"

कोरोकला अरबी येत होती, त्यामुळे किताब, कलम, दुकान, दुनिया हे शब्द त्याला इथे फुकटच मिळाले. सरूबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "पोरगं तर कचेरीतल्या कारकुनावानी बोलतंय की!"

काकासाहेबांशी त्याचं गूळपीठ जमलं ते गोठ्यात. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत कोरोकने त्याच्या रंगाचं मुर्ले नाव सांगितलं. काकासाहेब म्हणाले, "आमी याला कवडा म्हनतो." मग रोज संध्याकाळी एक बैल आणि दोन नावं. मलाही त्या दिवसांत मान होता. पाहुणे आले की काकासाहेब मला खाली काढून दाखवत. "इमानात बसून आलाय ह्यो भोपळा! आपल्या गावात हाय का कुनी इमानात बसलेलं?"

पण मित्रांनो, रात्री पुस्तक मिटल्यावर कोरोक माझ्याशी मुर्लेत बोलायचा. साऱ्या शहरात ती बोली जाणणारं दुसरं कोणी नव्हतं. मी ऐकून घ्यायचो, पण उत्तर कुठून देणार? न वापरलेल्या दाराचं बिजागर गंजतं, तशी त्याची बोली अडखळू लागली होती. एकदा एका झाडाचं नाव त्याला काही केल्या आठवेना, तर तो जेवला नाही.

त्या वैशाखात त्याला ताप आला. बद्रीनाथ सायकल मारत छावणीतल्या डॉक्टरांना आणायला गेला. आता ताप चढला की माणसाची शिकलेली भाषा आधी उतरते. कोरोकची मराठी गेली, इंग्रजी गेली, अरबी गेली, शेवटी उरली आईची. सुकलेल्या ओठांनी तो पुटपुटला, "माम… माम…"

सरूबाईने कान दिला आणि ओरडली, "अवो मामंजी! तुमाला बोलावतंय लेकरू!"

काकासाहेबांचा चेहरा असा उजळला, की खोलीत दुसरा सूर्य उगवला. ते उशाशी बसले. "हाय रं बाबा, इथंच हाय मी."

"माम!"

"व्हय व्हय. कुठं बी जात नाय."

"माम!"

"सूनबाई, बघ कसा जीव लावलाय पोरानं! पोटच्या पोरानं कदी एवढ्या हाका मारल्या नाहीत!"

कोरोक जितका पाणी मागे, तितके म्हातारबा जवळ सरकत! बाहेर माठ काठोकाठ भरलेला होता, आणि इथे पोराची जीभ टाळूला चिकटत होती. अर्थ जाणणारा खोलीत एकटा मी. आणि मला पोट दिलंय, तोंड दिलंय, जीभ तेवढी द्यायची राहिली.

मग मी उडी मारली. वाऱ्याने खिडकी आपटली म्हणून पडलो, असं पुढे सगळे म्हणाले. म्हणोत बापडे. फरशीवर आपटलो, कुशीत तडा गेला, पण गडगडत खाटेपाशी पोचलो. कोरोकने चाचपडत मला उचललं, तोंडावर उपडं धरलं. थेंबही नव्हता. त्याचा घसा मात्र रिकामाच घुटके घेत राहिला.

सरूबाईने कपाळावर हात मारला. "अगं बया! पानी मागतंय ते!"

"तापात गार पानी देऊ नये गं," काकासाहेब म्हणाले.

"तुमी सरका बरं आधी!" असं मामंजींना बोलण्याची तिची ती पहिलीच वेळ. तिने वाटीने घोट घोट पाणी पाजलं. डॉक्टर आले तेव्हा ते म्हणाले, "पाणी दिलंत, फार बरं केलंत." त्यावर काकासाहेब भिंतीकडे तोंड करून बसले.

चार दिवसांनी कोरोक उठला. सगळी हकिकत ऐकून तो पोट धरून हसला. काकासाहेब मात्र फुगलेले. "म्हंजे मला कुनी हाक मारलीच नव्हती म्हना की. मी आपला उगंच 'हाय रं, हाय रं' करीत बसलो."

कोरोक सरकून त्यांच्यापाशी बसला. मग आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "काका, माझा बोली इथं कोणी बोलत नाय. तुम्ही एक शब्द बोला. एकच."

म्हातारबांनी मान वळवली. उठले, माठातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"घे. मामं."

शेवटी अनुस्वार नको होता. पण कोरोकने तांब्या घेतला, तोंडाला लावला, आणि पाणी त्याच्या डोळ्यांतूनही आलं.

पुढे त्याने माझा तडा दाभणाने टाचून मेण भरलं. शिकून परत जाताना मला काकासाहेबांकडे ठेवलं. काकासाहेबांनी माझ्यात भेंडीचं बी जपलं. त्यांच्या पश्चात मी माळ्यावर गेलो, कोळ्यांनी माझ्या तोंडावर जाळं विणलं. त्याची तक्रार नाही.

मित्रांनो, मला खाली काढा, पुसा, असं मी म्हणणार नाही. पण दारात परमुलखाचा माणूस आला, तर त्याच्या तोंडात आपला शब्द कोंबू नका. त्याला पाणी द्या आणि विचारा, "तुमच्यात याला काय म्हणतात?" तो सांगेल तो शब्द एकदा म्हणून बघा. चुकला तरी चालेल. काकासाहेब अखेरपर्यंत 'मामं'च म्हणत राहिले. आणि इथे होता तोवर, तहान असो वा नसो, कोरोकने त्यांच्या हातचा तांब्या कधी नाकारला नाही.