चार मिनिटांत सुटलेली कोडी

मुलांच्या साप्ताहिकातलं शेवटून दुसरं पान माझं. अकरा वर्षं ते मी एकटा भरत आलोय. एक भूलभुलैया, एक आकड्यांचा चौकोन, एक आगकाड्यांचं कोडं आणि खाली उजव्या कोपऱ्यात ‘पालकांसाठी’ नावाची चौकट. कोडी सोडवल्याने मुलांची निरीक्षणशक्ती वाढते, चिकाटी येते, दोन खुणा जोडून तिसरी गोष्ट ओळखायची सवय लागते, असं मी त्या चौकटीत दर आठवड्याला सांगतो. एकच गोष्ट अकरा वर्षं फिरवून फिरवून सांगायला किती कल्पकता लागते, याची लोकांना कल्पना नसते. ऑफिसात मला ‘मेंदूवाले’ म्हणतात. ते कौतुकाने म्हणतात, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

कोडं किती अवघड आहे ते दाखवायला आम्ही त्याच्यावर तारे छापतो. एक तारा म्हणजे सोपं, तीन म्हणजे डोक्याला ताप. पूर्वी हे तारे मी अंदाजाने द्यायचो. मग माझी मुलगी साडेपाच वर्षांची झाली आणि मला घरातच परीक्षक मिळाली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी दोन मिनिटं बसत नाही. कोड्याला मात्र बसायची. रोज संध्याकाळी साडेसहाला जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला ती, समोर मी, मधे कागद आणि माझ्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ. ती कोडं सोडवत असताना मी चकार शब्द काढायचा नाही, असा माझा नियम होता. परीक्षा घेणाऱ्याने मुकं असावं. या नियमाचा मला इतका अभिमान होता की मी तो दोनदा चौकटीतही छापला.

पहिले काही दिवस ती अडखळली. नंतर जी सुटली ती सुटलीच. एक तारा चार मिनिटांत, दोन तारे चार मिनिटांत, तीन तारेसुद्धा चारच मिनिटांत. मी कोडी अवघड केली. भूलभुलैयाला दोन मजले केले, मग तीन. एखाददुसरा दिवस सोडला तर पोरगी चार मिनिटांवरून हलेना. हे डोकं कुणाकडून आलं असेल, हे मी कुणाला विचारत नव्हतो, पण समोरच्याने विचारावं म्हणून बराच वेळ थांबत होतो. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते. तिचं म्हणणं, हिला कपाटातला स्वतःचा दुसरा मोजा सापडत नाही, आणि तीन मजल्यांतून वाट सापडते, हे जरा तपासून बघ. मी तिला समजावलं की बुद्धिमान माणसांना मोजे सापडतच नाहीत, आणि उदाहरण म्हणून माझे पाय दाखवले.

इकडे पत्रं यायला लागली. एका मुलाने पानावर मोठी फुली मारून तेच पान परत पाठवलं. एका आईने कळवलं की घरात दोन इंजिनिअर असून एका ताऱ्याचं कोडं रविवारी दुपारपर्यंत सुटलं नाही आणि मुलगी आता पान उघडायलाच घाबरते. मी ही पत्रं एका खोक्यात टाकत गेलो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. शिवाय चौकटीत लिहिलं की कोडं सुटत नसेल तर कोड्याला दोष देण्याआधी पालकांनी आपल्या घरातल्या चिकाटीचा विचार करावा. त्या आठवड्यात पत्रं दुप्पट आली.

शेवटी संपादकबाईंनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझ्या पानाच्या जागी रंग भरायच्या चित्राचा नमुना होता. हत्ती, छत्री घेतलेला. माझ्याकडे ते एक पान सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही. इतकी वर्षं ओळख करून देताना मी नावाआधी ते पानच सांगतो. ते गेलं तर उरणार कोण? तेव्हा मी घरचा हुकमाचा एक्का काढला. सांगितलं की माझी साडेसात वर्षांची मुलगी हीच कोडी चार मिनिटांत सोडवते. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की शनिवारी घेऊन या तिला, आम्हालाही बघू दे.

शनिवारी भिंगरीने नवे बूट घातले. बसमध्ये तिने मला विचारलं की तू माझ्या समोरच बसशील ना. मी हो म्हटलं. दोन थांबे गेले आणि तिने पुन्हा तेच विचारलं. मी तिला घाबरू नकोस म्हणून सांगितलं आणि खिडकीतून बाहेर बघत हत्तीला कसं हाकलायचं याचा विचार करत राहिलो. वाढलेल्या निरीक्षणशक्तीवर अकरा वर्षं लिहिणारा मी.

मीटिंगच्या खोलीत संपादकबाई होत्या, आमचा चित्रकार होता आणि लांबलचक टेबल होतं. पहिलं कोडं तीन ताऱ्यांचं. मी तिच्या समोर बसलो, घड्याळ सुरू केलं, तोंड मिटलं. तिची पेन्सिल कागदाच्या वर जरा फिरली, एका फाट्यावर थांबली, दुसऱ्यावर गेली आणि मग सरळ निघाली. साडेतीन मिनिटं. मी खुर्चीत मागे रेललो आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. चित्रकाराची भुवई वर गेली होती. संपादकबाई मात्र कागदाकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

त्यांनी मला अगदी नम्रपणे उठवून भिंगरीच्या मागे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मग तिला एका ताऱ्याचं कोडं दिलं.

पेन्सिल पहिल्याच फाट्यावर थांबली. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिने मागे वळून पाहिलं. बाईंनी हलक्या आवाजात कागदाकडे बघायला सांगितलं. पाच मिनिटं झाली तेव्हा माझा घसा कोरडा पडला आणि मी खाकरलो. मी शपथेवर सांगतो, नुसता खाकरलो. भिंगरीने पेन्सिल झटकन डावीकडे नेली. चित्रकार हसला. हसला आणि लगेच त्याने तोंडावर हात धरला, पण तोवर तिचे कान लाल झाले होते. सातव्या मिनिटाला कागदावर टपकन पाणी पडलं. मी उठून कागद काढून घेतला.

पुढचं पटकन सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी भिंगरीला बिस्किटं दिली आणि मला सांगितलं की पुढच्या अंकापासून हत्ती.

खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर भिंगरी पायरीवर बसली. मीही बसलो. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पान गेलं म्हणून राग, चित्रकार हसला म्हणून राग, आणि तो काढायला जवळ फक्त साडेसात वर्षांची मुलगी. हे किती दिवस चाललंय, असं मी विचारलं. पहिल्यापासून, असं ती म्हणाली, आणि मग कुणी शाळेचा अभ्यास म्हणून दाखवावा तसं तिने सगळं नीट सांगितलं. पेन्सिल चुकीच्या वाटेवर गेली की मी श्वास धरतो. बरोबर वाटेवर आली की माझ्या मिशा हलतात. अगदी बरोबर असलं की मी घड्याळाकडे बघतो. आकड्यांच्या चौकोनात ती पेन्सिल सगळ्या घरांवरून एकदा हळूच फिरवते आणि मी सोडलेल्या श्वासावरून घर ठरवते. कधी कधी मला सर्दी असली की फार अवघड जायचं, तेव्हा सहा मिनिटं लागायची.

निरीक्षण, चिकाटी, दोन खुणा जोडून तिसरी ओळखणं. चौकटीतली एकही गोष्ट सुटली नव्हती. माझ्या कोड्यांनी या मुलीचं डोकं खरोखरच तल्लख केलं होतं, फक्त तिने सोडवलं होतं ते मला. आणि मी, मुका परीक्षक, दोन वर्षं तिच्यासमोर उत्तरपत्रिका उघडी ठेवून बसलो होतो. वर त्या भरवशावर गावभरच्या पोरांना रडवत होतो.

“मग येत नाही असं सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

ती बुटाची पट्टी काढत-लावत होती. “सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कुणालातरी बसवलं असतंस.”

मला वाटलं तिला कोड्यांची आवड लागली असेल, म्हणून मी म्हटलं की कोडी तर तुला कुणीही देईल. ती माझ्याकडे मंद मुलाकडे बघावं तसं बघत राहिली.

“कोडी नाही आवडत मला. साडेसहाला तू घरी बसतोस ना.”

मला लाज वाटली. ऑफिसात वाटली ती वेगळी, ती संध्याकाळपर्यंत जिरली असती. दोन वर्षं रोज ती माझा चेहरा बघत होती आणि मी कागद बघत होतो. तिला माझ्या मिशा पाठ होत्या. तिचा दात कधी पडला ते मला बायकोला विचारावं लागलं असतं.

“उद्यापासून नाही ना बसायचं आता?” तिने विचारलं.

हो म्हणायचं की नाही, यातलं तिला काय हवंय ते मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. मी खरंच प्रयत्न केला. शेवटी सामान्य माणसासारखं विचारलं, “तुला बसायचंय?”

“हो. पण कागद नको.”

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही बसलो. कागद नाही, घड्याळ नाही. हात कुठे ठेवायचे ते मला कळत नव्हतं. मी शाळेचं विचारलं, ती म्हणाली बरी आहे. मी मैत्रिणींचं विचारलं, ती म्हणाली बऱ्या आहेत. तिसरा प्रश्न मला सुचला नाही. लोकांच्या मुलांना दर आठवड्याला तीन प्रश्न घालणारा माणूस मी, स्वतःच्या मुलीसमोर दोनात आटोपलो. मग तिच्याकडे बघत राहिलो. ती टेबलावर बोटाने रेघा ओढत होती. एकदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी ते माझ्या नजरेतून निसटलं असतं. मी थांबलो.

“माझ्या बाकावरची मुलगी माझ्याशी बोलत नाही,” ती म्हणाली. “दोन महिने झाले. डबा मी एकटीच खाते.”

दोन महिने म्हणजे साधारण साठ कोडी. माझ्या वहीत प्रत्येकाचा वेळ सेकंदांसकट लिहिलेला आहे. मी विचारलं की मला आधी का नाही सांगितलंस.

“घड्याळ चालू असायचं.”

तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. मला पटकन काहीतरी उपाय सुचवावासा वाटला, आणि तो तिने माझ्या चेहऱ्यावर बहुधा वाचला, कारण ती थांबली. मी उपाय गिळला आणि म्हटलं, पहिल्यापासून सांग. मग तिने पहिल्यापासून सांगितलं, कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं, कुणाची पेन्सिल मोडली आणि कोण आधी काय म्हणालं ते सगळं. त्याला पाऊण तास लागला.