पिवळ्या टोपीतली हाक

अंबाबाईने काठी आडवी धरली, तशी पुढची सायकल तिच्या पायापासून हातभर अंतरावर घसटत थांबली. धूळ उडाली. मागून येणारा पोरगा कसाबसा गवतात वळला.

"अहो आजी! लागलं असतं ना!" पुढची पोरगी म्हणाली.

अंबाबाईने तिच्या डोक्याकडे पाहिले. टोपी निळी होती. मागच्या पोराची काळी.

"पिवळ्या टोपीवाला कुटं हाय?"

"कोण पिवळ्या टोपीवाला?"

"टोपीला डोळा बसवल्याला. ह्याच वाटंला त्याला वाघरू दिसलं हुतं."

"रोहित!" पोरगी मागे वळून पोराला म्हणाली. मग अंबाबाईला, "तो आता या बाजूला येत नाही, आजी."

"भ्याला व्हय?"

"भ्याला कसला, फेमस झाला," पोरगा गवतातून सायकल ओढत हसला. "बिबट्याचा व्हिडिओ गावभर फिरला त्याचा."

अंबाबाई हसली नाही. तिने काठी आणखी घट्ट धरली.

"त्याला सांगावा धाडा. शेरडंवाल्या म्हाताऱ्याची बायकू वाट आडवून उभी हाय म्हनावं. तो आल्याबिगर कुनालाच सोडायची न्हाई."

पोरीने, तिचे नाव ऋतिका, हातमोजे काढले आणि फोन बाहेर घेतला. नंबर लावता लावता तिने विचारले, "म्हणजे ते सड्यावर बसायचे ते बाबा? मागे आम्हाला करवंदं दिली होती त्यांनी. कसे आहेत?"

अंबाबाईने काठी वाटेवरून बाजूला घेतली.

"माघात गेलं ते."

ऋतिकाने कानाला लावलेला फोन खाली घेतला. पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करत होते.

दिवाळीनंतरची गोष्ट. रिह्याच्या खोऱ्यातून धनगरवाड्याकडे चढणारी ढोरवाट करवंदीच्या जाळीपाशी एकदम वळते. त्या वळणावर रोहितने सायकल घातली आणि समोर वाटेत बिबट्या बसलेला. पुढचे पाय पसरून, घरच्या कुत्र्यासारखा. रोहित पळाला नाही, ओरडलाही नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकवून जागच्या जागी थिजला. वर सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या सपाटीवर, अंबाबाईचा नवरा म्हसू शेरडं राखत होता. त्याने आधी हाक घालून शेरडं एका जागी गोळा केली आणि मग खाली ओरडला, "ए पोरा, सायकल मधी धर. पाठ दावू नगं. हालू नगं." बिबट्याने एकदा वर पाहिले, एकदा पोराकडे पाहिले, आणि तो उठून जाळीत शिरला. म्हसू खाली उतरला. पोराच्या हातात पाण्याची बाटली देऊन म्हणाला, "मांजार आडवं गेलंय. जरा बस, मग जा."

हे सगळे त्याने त्याच संध्याकाळी चुलीपुढे हात शेकत तिला सांगितले होते.

"पोराच्या टोपीला डोळा हाय. त्यात समदं जातंय, दिसल्यालं बी आन् बोलल्यालं बी. माजी हाक बी गेलीया त्यात. आता म्या मेलो तरी त्या टोपीत बसून वरडीन."

"वरडा की," अंबाबाई भाकरी उलटत म्हणाली होती. "हितं काय कमी वरडताय?"

माघातल्या एका पहाटे त्याच्या छातीत कळ आली. खालून गाडी येईपर्यंत तो गेला. अंबाबाईने अंगाला हात लावला तर ते इतके गार लागले, की तिने त्याची घोंगडी त्याच्याबरोबरच सरणावर द्यायला लावली. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी तिला अडवले. धन्याची घोंगडी घरात राहू द्यावी, शेरडं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी अडकवावी, म्हणजे वासावर जनावर घर धरून राहते, ही रीत तिला काय कोणी नव्याने सांगायची होती? पण ती एवढेच म्हणाली, "त्यास्नी थंडी वाजतीया." मग घोंगडी सरणावर गेली.

तेव्हापासून शेरडं सकाळी आपली आपण सड्यावर जात आणि संध्याकाळी उतरत नसत. सड्यावर एक बसका खडक होता. त्यावर उभा राहून म्हसू हाक घालायचा. शेरडं खडकाभोवती जमायची. मग म्होरकी चांदी पुढे, बाकीची तिच्या मागे आणि सगळ्यांच्या शेवटी तो. आता ती दिवस कलला की खडकाभोवती येऊन रवंथ करत बसून राहत. अंबाबाई त्याच्यासारखा आवाज जाड करून हाक घाली. शेरडं कान टवकारत, तिच्याकडे बघत आणि पुन्हा माना खाली घालत. कानाला धरून, ढकलून ती काहींना खाली आणी. उरलेली वरच राहत. बिबट्याने आधी एक पाट, न व्यायलेली तरणी शेळी, नेली. मग एक गाभण शेळी.

तिचा लेक सोमनाथ खाली भरे गावात राहत होता, जवळच्याच कारखान्यात कामाला होता. तो दर रविवारी यायचा आणि एकच बोलायचा.

"आये, वाघराच्या तोंडी एकेक घालण्यापरीस इकून टाकू. येत्या बाजाराला व्यापारी टेम्पो घेऊन येतोय. तू चल माझ्याकडं. खोली हाय, नळ हाय."

"तुजा व्यापारी काय त्यास्नी साळंत घालनार हाय?"

"मग काय करू? तुला एकटीला त्या सड्यावर अंधाराचं चढू देऊ?"

तिने चुलीतले लाकूड आत सारले. मग म्हणाली, "आपल्या पायानं वाडग्यात आली तर?"

"आली तर राहू दे. म्या काय त्यांचा वैरी हाय?" सोमनाथने तोंड फिरवले. "पर येत न्हाईत ना, आये."

ऋतिकाच्या फोननंतर रोहित दुसऱ्याच दिवशी आला. जांबे गावाहून, काम लवकर टाकून. सायकल वाडग्याच्या कुडाला टेकवली, पिवळे हेल्मेट काढून हातात धरले आणि तसाच उभा राहिला.

"मला माहीत नव्हतं, आजी. बाबा गेले ते."

"तुला कोन सांगनार? बस." तिने पोते पसरले. हेल्मेट त्याच्या हातातून घेतले, उलटे करून आत पाहिले आणि परत दिले. "ह्यात त्यांची हाक हाय. काढ."

रोहितने फोन काढला. अंबाबाई त्याच्या शेजारी टेकली. फोनच्या काचेवर तिची ओळखीची वाट धावू लागली. ती जाळी, ते वळण, आणि वाटेत बसलेला बिबट्या. ढोल बडवल्यासारखे काहीतरी मोठ्याने वाजत होते. बिबट्या उठला, ढोल आणखी वाढले, आणि संपले.

"हितं तर बँड हाय."

"म्युझिक टाकलंय आजी वरून. नुसत्या वाऱ्याच्या आवाजाला लोक बघत नाहीत."

"वारा न्हवता तो."

रोहितने मान खाली घातली. त्याने फोन उगाच शर्टाला पुसला.

"आन् वरून टाकलंय म्हनतोस," अंबाबाई म्हणाली, "तर मग खाली त्यांचा आवाज असंलच की. गाळ बसला म्हनून हिरीचं पानी जातं का कुटं?"

रोहितचा फोन पुसणारा हात थांबला. "घरी जुनं कार्ड असेल, कॅमेऱ्याचं. पुसलं नसेल तर मिळेल. बघतो."

"बघ. उद्या ये. परवा टेम्पो यायचाय."

तो टेम्पो कशाचा हे त्याने विचारले, आणि तिने सांगितले. जाताना त्याने सायकल हळू नेली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना तो आला तेव्हा घामाने भिजला होता. पाठीवरच्या पिशवीत मुठीएवढा काळा स्पीकर होता.

"मिळालं," तो म्हणाला. "सगळं आहे. आधी तुम्ही ऐका."

"म्या नगं. वर चल. शेरडांना ऐकव."

ती पुढे आणि तो मागे, अशी दोघे सड्यावर चढली. गवत वाळून पिवळे पडले होते. खाली खोऱ्यात फार्महाऊसांचे पत्रे चमकत होते; पलीकडे कडेकडेने आटलेले धरणाचे पाणी. शेरडं सडाभर पांगली होती. चांदी पार टोकाला, उंबराच्या बुंध्याशी पाय लावून पाला ओरबाडत होती.

रोहितने स्पीकर हातात उंच धरला.

आधी खरेच नुसता वारा वाजला. मग सायकलच्या चाकांचा करकर आवाज, रोहितचा धाप लागलेला श्वास, आणि श्वास एकदम थांबला. मग हाक आली. सुरुवातीला तुटक, मग चढत जाणारी, आणि शेवटी "चांदेऽऽ" असे लांबवून खाली सोडलेली.

अंबाबाईचा हात आपोआप वर गेला. डोक्यावरून घसरलेला पदर तिने पुढे ओढून घेतला, घरातले मोठे माणूस दारात आले की घ्यावा तसा.

चांदीने मान वर केली. पाल्याची डहाळी तोंडातच होती. मग ती धावत सुटली. तिच्यामागे सडाभरची शेरडं, करडं, लंगडी म्हातारी शेळीसुद्धा, खुरांचा कातळावर पाऊस पडल्यासारखा आवाज करत आली. ती अंबाबाईच्या दोन्ही अंगांनी पुढे गेली. रोहितभोवती गोळा झाली. चांदीने त्याच्या हाताचा वास घेतला, स्पीकरचा घेतला, त्याच्या पायाचा घेतला. मग ती मागे सरली आणि खडकाकडे गेली. खडकाला एक फेरी घातली. दुसरी घातली. पुढचे दोन पाय खडकावर ठेवून वर पाहिले. आणि ओरडली. तिच्यामागे सगळीच ओरडू लागली.

स्पीकर बंद करायचे रोहितला भान राहिले नाही. म्हसू बोलतच होता. सायकल मधी धर म्हणाला. मांजर आडवं गेलं म्हणाला. मग रोहितचाच थरथरता आवाज आला, "बाबा, तुमची हाक भारी आहे हां. सगळ्या एकदम गोळा झाल्या."

आणि म्हसूचे हसणे.

"माजी कुटली? ती म्हातारीची हाय. बापानं तिला आंदनात शेरडं दिली, त्यांच्यासंगं हाक आली. आमचा बाप लई कडक. सुनंनं डोंगरावर आवाज काढायचा न्हाई म्हनायचा. मग काय करनार, बायकूकडनं म्या शिकलो. आता बाप बी न्हाई, पर ती काय वरडत न्हाई. लाजती."

पाणी पिण्याचा आवाज आला. मग काही नाही.

शेरडं अजून खडकाभोवती फिरत होती. रोहितने डोळे हाताच्या मागच्या बाजूने पुसले.

"पुन्हा लावू, आजी? परत वाजवत वाजवत खाली नेऊ. येतील मागे. रोज येऊन लावीन मी, नाहीतर हा स्पीकरच ठेवा तुमच्याकडं."

अंबाबाई चांदीकडे बघत होती.

"नगं."

"पण उद्या टेम्पो..."

"ती त्यास्नी हुडकत्यात, बाबा. मुक्या जनावराला रोज फसवायचं? ठेव ते पिशवीत."

त्याने स्पीकर पिशवीत ठेवला. ती खडकापाशी गेली. वर चढली नाही. जिथे चांदीने पाय टेकले होते तिथे तिने हात टेकला आणि जरा वेळ उभी राहिली. मग तिने पदर डोक्यावरून मागे टाकला. केस वाऱ्यावर उडाले, विरळ, पांढरे. हाताचा आडोसा तोंडाशी करून तिने हाक घातली.

आवाज जाड केला नव्हता. तो बारीक होता, पोरीसारखा, आणि मधेच फाटला. ती थांबली, खाकरली, आणि पुन्हा पहिल्यापासून घातली. शेवटचे "चांदेऽऽ" सड्यावरून खाली खोऱ्यात उतरले.

शेरडांचे ओरडणे थांबले. कान वळले. चांदीने खडकावरचे पाय खाली घेतले. ती लगेच आली नाही. एकदा तिने रिकाम्या खडकाकडे पाहिले आणि एकदा अंबाबाईकडे. मग वाटेला लागली.

रोहित सायकल घ्यायला खाली पोचला तेव्हा शेरडं वाडग्यात शिरत होती. चांदी पुढे, मागे बाकीची. पण दाराच्या ताटीशी येऊन प्रत्येक शेळी थबके, मान वळवून वाटेच्या वरच्या अंगाला बघे आणि मग आत जाई. अंबाबाई कडेला उभी राहून एकेकीच्या पाठीवर हात ठेवत होती.

शेवटची लंगडी म्हातारी शेळी आत गेली.

"ताटी लावू का, आजी?" रोहितने विचारले.

"थांब," अंबाबाई म्हणाली. "सगळ्यांच्या मागं असत्यात ते."

तिने ते म्हटले आणि तिचे तिलाच ऐकू आले. वाटेवर कोणी नव्हते. ताटीला हात लावून ती उभी राहिली, आणि रोहितही हेल्मेट हातात धरून तिच्या शेजारी उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने ताटी ओढली.