चौदा नंबरचा पत्रा

दुपारी जेवून आडवा झाला की चौदा नंबरला तासभर तरी जाग यायची नाही. एकतीस वर्षं प्रेसच्या दणक्यात काढलेल्या माणसाला घरातलं काही ऐकूच येत नाही, अशी बायकोची कायमची तक्रार. पण त्या शनिवारी अंगणातून पत्रा कापायच्या कात्रीचा कर्र आवाज आला आणि तो ताडकन उठून बसला.

कारखान्यात तो चौदा नंबरच्या प्रेसवर होता, म्हणून हे नाव. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बाजारात जुनी माणसं याच नावाने हाक मारत. त्या प्रेसमधून निघायचा डस्ट शील्ड, म्हणजे पुढच्या चाकाच्या ब्रेक डिस्कमागे बसणारा ताटाएवढा गोल पत्रा. रस्त्यावरचं पाणी, चिखल, खडे डिस्कवर उडू नयेत म्हणून. मालक गाडी विकून मोकळा होतो, तरी हा पत्रा त्याने कधी पाहिलेला नसतो. लेकीने जुनी गाडी बघायला घेतली तेव्हा "घ्यायची तर हीच घे" असा बापाने धोशा लावला होता, तो या पत्र्यापायी. जावयाला तर त्याने पहिल्याच भेटीत चहा थंड होईस्तोवर त्याची कथा ऐकवली होती.

तो बाहेर आला. गाडीचं पुढचं चाक निघालेलं, डिस्कही बाजूला काढून ठेवलेली, लेक गुडघ्यांवर बसलेली आणि जावयाच्या हातात कात्री. दोघंही चोरी पकडल्यासारखी दचकली.

"बाबा, तुम्ही झोपा ना," जावई म्हणाला.

"झोपलो असतो तर पत्रा भंगारात गेला असता. चाललंय काय?"

लेकीने कपाळाचं ग्रीस बाहीला पुसलं. महिन्यातल्या एका रविवारी ती गाडी घेऊन रेसच्या ट्रॅकवर जायची. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करणाऱ्या मुलीचा तेवढाच एक शौक. "उद्या ट्रॅक आहे. तिथे हा पत्रा नको असतो, बाबा. डिस्कला वारा लागत नाही, ब्रेक तापतात. सगळे काढूनच टाकतात."

"मग मला विचारायला काय धाड भरली होती?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते वाटलंच. काढूनच टाकतात! एकतीस वर्षांच्या कामाचा निकाल पोरीने एका वाक्यात लावला होता. तोंड फिरवून आत जावं असं चौदा नंबरच्या मनात आलं, तेवढ्यात जावई खाली मान घालून म्हणाला, "मागच्या वेळी चौथ्या फेरीत पेडल तळाला गेलं. ब्रेक लागलेच नाहीत. वळणावर गाडी सरळ बाहेर. नशीब, पुढे वाळू होती."

"तुला सांगू नको म्हटलं होतं ना!" लेक त्याच्यावर खेकसली.

चौदा नंबर पायरीवर मटकन बसला.

"म्हणजे तू मरता मरता वाचलीस," तो म्हणाला, "आणि ते मला सांगायचं नाही. का, तर पत्र्याचा अपमान होईल."

"पत्र्याचा नाही, तुमचा."

"माझ्यात आणि पत्र्यात काही फरक आहे की नाही?"

खरं तर तो फरक घरात कोणालाच दिसत नव्हता, आणि तो दिसू दिला नव्हता त्याने स्वतःच. म्हाताऱ्याला मनापासून लाज वाटली.

"आणा ती कात्री इकडे," तो उठत म्हणाला. "कापताय कशाला? तीन बोल्ट काढले की सुटतो."

"सुटतो, पण निघत नाही," जावई म्हणाला. "मधलं भोक, चाक बसतं त्या हबपेक्षा लहान आहे. तासभर झटतोय आम्ही."

"आणि भोकाला ही खाच आहे ती काय शोभेला? ती आणायला दोन महिने साचा घासलाय आम्ही." त्याने पत्रा दोन्ही हातांनी धरला, पाव वळसा फिरवला, तिरका केला, आणि पत्रा अलगद बाहेर आला. जावयाने कपाळाला हात लावला.

"आता पुढचं ऐका, जावईबापू. खाली हा फुगवटा आहे ना, याच्या आड बॉल जॉइंटचं, म्हणजे चाकाच्या सांध्याचं रबर असतं. पत्रा गेला की डिस्कची आच थेट त्याच्यावर. रबर करपलं की ग्रीस गेलं, ग्रीस गेलं की सांधा खिळखिळा. तुमचे ते काढून टाकणारे सगळे, ते सांगतात का हे?"

दुसरं चाक उतरवून तिकडचाही पत्रा त्याने तसाच सोडवला. मागच्या खोलीतून त्याने पत्र्याचे दोन तुकडे आणले, तळहाताएवढे कापले, वाकवले आणि दोन्ही बाजूंना रिकाम्या भोकांत बोल्टने असे बसवले की रबर झाकलं जाईल आणि डिस्क मोकळी राहील. मग निघालेले पत्रे उलटे करून त्याने गंज पुसला. डाव्यावर कडेला प्रेसच्या नंबराचा बारीक ठसा होता, १४. उजव्यावर १३.

"तेरा नंबर! कड बघा कशी सोडलीय, हात कापेल. बेट्याचं अर्धं लक्ष कायम चहाच्या सुट्टीत."

लेकीने चौदाच्या ठशावरून बोट फिरवलं. "हा तुमच्या हातचा? खरंच?"

"सोमवारी परत बसवायचा," तो घाईघाईने म्हणाला. "रोजच्या रस्त्याला हवाच."

रविवारी तो दुपारी झोपला नाही. फोन पोटावर ठेवून आढ्याकडे बघत पडला. चार वाजता फोन वाजला.

"बाबा, दहा फेऱ्या! पेडल पहिल्या फेरीला होतं तस्संच शेवटच्या फेरीला."

"रबर बघितलंस?"

"बघितलं. शाबूत आहे."

फोन ठेवल्यावर त्याने उपरण्याने डोळे पुसले. बायकोने ते पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी लेक पत्रे बसवायला आली, तर पत्रे ठेवलेल्या खोक्यात बोल्ट होते, तेरा नंबर होता, आणि चौदा नंबर नव्हता. सगळं अंगण धुंडाळून झालं. शेवटी तो सापडला स्वयंपाकघरात. आईने तारेच्या घासणीने घासून, पुसून, ताटाळ्यात ताटांच्या रांगेत उभा करून ठेवला होता. ठसा बाहेरच्या बाजूला.

"अगं, हा काय प्रकार?" चौदा नंबर म्हणाला.

"एकतीस वर्षं पहाटे उठून डबा भरला मी," ती म्हणाली. "कशासाठी भरत होते ते एकदा धड बघू तरी द्या की."

लेकीने हळूच हात पुढे केला. "आई, दे ना. बसवायचाय."

आईने पत्रा काढला, पदराने पुन्हा एकदा पुसला आणि तिच्या हातात दिला.

"ने. पण पुढच्या खेपेला काढलास की आधी घरात आणायचा."