बोलक्या भिंतीची सहल

वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, तरी माणसं दारात ताटकळत होती. समोर टेबलावर उभा राहून एक इसम सांगत होता, की रेल्वेने अडीच तासांवर प्राचीन नगराचे अवशेष आहेत, तिथे एक अर्धगोल भिंत आहे आणि ती बोलते. नुसती बोलत नाही, तुमचं नाव घेते, तुमचं दुखणं न सांगता ओळखते आणि उपायही सांगते. "मी कोण? मी आपला तिकिटं काढणारा हमाल," असं म्हणून तो हात जोडायचा आणि बायाबापड्यांचे डोळे भरून यायचे. सहलीचा हा संयोजक बोलायला इतका गुळचट होता, की ताईंनी मनातल्या मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं.

ताईंनी तीस वर्षं स्टेशनच्या चौकशी खिडकीत काढली होती. गोड बोलणारे त्यांनी खूप पाहिले होते. पण आज त्या मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या, कारण शेजारी त्यांची धाकटी बहीण कानात प्राण आणून ऐकत होती. धाकटीच्या हृदयाची झडप गळत होती. ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं आणि आता दिवस ढकलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धाकटीने मात्र हट्ट धरला होता. शनिवारी भिंतीला विचारायचं, भिंत हो म्हणाली तर सोमवारी टेबलावर झोपायचं, नाही म्हणाली तर नाही. ताईंनी समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले.

त्यांच्याच गल्लीतला शिंपी दोन महिन्यांपूर्वी त्या भिंतीला कान लावून आला होता. भिंतीने त्याला नावानिशी हाक मारली आणि रक्तदाबाच्या गोळ्या सोडायला सांगितलं. त्याने त्या सोडल्या. आता त्याचं अर्धं अंग लुळं पडलं होतं आणि लोक म्हणत होते, त्याचीच श्रद्धा कमी पडली. हे ऐकलं की ताईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

जायचंच ठरल्यावर सहलीचं नियोजन ताईंच्याच गळ्यात पडलं. रेल्वेचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं. सकाळी सहा दहाची गाडी धरायची, पावणेनऊला उतरायचं, उन्हं चढायच्या आत अवशेष बघायचे, संध्याकाळी पाच पंचवीसला परत निघायचं. कोणी किती पाणी घ्यायचं, गुडघेदुखीवाल्यांना जिन्यापासून जवळचा डबा कुठला, सगळं त्यांनी कागदावर मांडलं. गोडबोल्याने त्यांच्याकडून यादी मागितली: आसन क्रमांक, नाव, वय आणि त्रास काय आहे ते. वाटेत कोणाला बरं वाटेनासं झालं तर डॉक्टरला दाखवायला बरी, म्हणाला. ताईंना ते पटलं. चाळीस माणसांची यादी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिली. याच गोष्टीचा पुढे त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

यादीत बावीस नंबरवर धाकटी होती, पुढे 'हृदयाची झडप, सोमवारी ऑपरेशन' अशी नोंद; तेवीसवर ताई. पण गाडी सुटल्यावर धाकटीला मळमळायला लागलं, म्हणून ताईंनी तिला आपली खिडकीची जागा दिली आणि स्वतः तिच्या बावीसवर बसल्या.

अवशेषांपाशी पोचल्यावर गोडबोल्याने रांग लावली, ज्याने त्याने बसल्या जागेच्या नंबरानेच उभं राहायचं. शिस्त हवी म्हणे. अर्धगोल भिंतीच्या या टोकाला एकेकाने जायचं, दगडाला कान लावायचा आणि फक्त "मी आलोय" किंवा "मी आलेय" म्हणायचं. भिंतीचं दुसरं टोक चाळीस पावलांवर होतं आणि तिथे दुरुस्तीचं काम चालू असल्याची पाटी लावून कापड ताणलं होतं. कान लावून आलेली माणसं रडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती.

ताईंची पाळी आली. त्यांनी दगडाला कान लावला. आतून खरोखर आवाज आला, अगदी कानाशी बोलावं इतका स्पष्ट. आवाजाने नाव घेतलं ते धाकटीचं. "लेकी, तुझ्या काळजाची झडप गळतेय. सोमवारी सुरी लावून घेऊ नकोस. लावलीस तर उठणार नाहीस."

क्षणभर ताईंच्या अंगावर काटा आला. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन प्रवाशांनी आपसांत जागा बदलली, की तक्ता वाचणारा तिकीट तपासनीस एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतो. हे त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं. ही भिंत माणूस ओळखत नव्हती, तक्ता वाचत होती.

मागून धाकटी पुढे सरकली तशी ताईंनी तिचा दंड धरला आणि तिला तिथेच थांबवलं. त्या तरातरा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि त्यांनी कापड ओढून काढलं. आत घडीच्या स्टुलावर, भिंतीला तोंड लावून, एक माणूस बसला होता; तो गोडबोल्याचा मेहुणा, हे नंतर कळलं. मांडीवर यादी होती, ताईंच्याच अक्षरातली.

"ऊठ," ताई म्हणाल्या.

तो उठला. ताई स्टुलावर बसल्या, दगडाला तोंड लावलं आणि हळूच बोलल्या. चाळीस पावलांवर धाकटीने भिंतीला कान लावला होता. तिला ऐकू आलं, "मी ताई बोलतेय गं. भिंतीत कोणी नाही. इथे एक माणूस यादी वाचत बसला होता, आणि ती यादी मी लिहिली होती."

मग ताईंनी सगळ्यांना बोलावलं आणि एकेकाला कान लावायला लावलं. गवंड्यांनी भिंत इतकी गोल आणि गुळगुळीत बांधली होती, की या टोकाची कुजबुज दगडाच्या कडेकडेने घसरत त्या टोकाला पोचत होती. चमत्कार असलाच तर त्या गवंड्यांच्या हातात होता, आणि या चोरांनी त्यांचंही श्रेय लुबाडलं होतं. गोडबोल्या श्रद्धेची थट्टा करू नका असं काहीबाही पुटपुटला. एक आजोबा उलट ताईंवरच चिडले, आमची आशा का मोडता म्हणाले.

ताईंचा आवाज चढला. "आशा मी मोडत नाही, काका. आमच्या गल्लीतल्या शिंप्याचं अंग यांनी मोडलं. माझ्या बहिणीचा जीव घ्यायला हे निघाले होते, तिचं तोंडही न बघता. तुमचं दुखणं कोणी न सांगता ओळखलं, तर पाया पडू नका. त्याला कोणी सांगितलं ते शोधा. आणि गोळी सोडायची का, हे ज्याने तुमची नाडी धरली त्यालाच विचारा."

धाकटी भिंतीपाशीच उभी होती, चेहरा पांढराफटक. मग ती चालत ताईंजवळ आली.

"ताई, मला खूप भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय," ताई म्हणाल्या.

"सोमवारी भूल देतील तेव्हा दाराबाहेर थांबशील?"

"थांबेन. आणि शुद्धीवर आलीस की हाकही मीच मारीन."