अधांतरी गोळा

दुपारच्या झोपेची घंटा झाली तसा शाळेतला गलबला विझला. पोरांनी बाकांवर हात टाकून त्यांत डोकी खुपसली. इमारतीत आता फक्त शिंचू शहराचा तो कायमचा वारा जागा होता. ज्येनबाईंनी युन-शीला मुद्दाम याच वेळी प्रयोगशाळेत बोलावलं होतं.

विशेष गुणवत्तेच्या वर्गात ही मुलगी पहिली येऊन दाखल झाली होती. आता तिचे पेपर अर्धे कोरे येत. शुक्रवारच्या परीक्षेतही तेच झालं, तर तिची रवानगी साध्या वर्गात होणार होती.

“हिरा म्हणून उचलला, काच निघाली. द्या सोडून, बाई,” गणिताचे लो सर सकाळीच म्हणाले होते.

पण बाईंनी पेपर पुन्हा पाहिले होते.

“युन-शी, घाम गाळून सुटतात तेवढीच उदाहरणं तू लिहितेस. नुसती बघून सुटतात ती सोडतेस. का गं?”

युन-शी नखाने टेबलाची कड खरवडत राहिली. “ती माझी नसतात, बाई.”

“मग कोणाची?”

“दादाची.”

तिचा दादा, थिंग-वेई, याच वर्गात होता, बाईंच्याच हाताखाली. भुतांच्या महिन्यात, पाण्यात उतरू नये म्हणतात तेव्हाच, नदीवर पोहायला गेला, तो परतला नाही. त्याला चार वर्षं झाली.

“मला पैकीच्या पैकी मिळाले की आई पेपर दादाच्या फोटोपुढे ठेवते. ‘थिंग-वेई, हे तूच लिहिलंस ना?’ म्हणून कौल लावायचे दोन लाकडी तुकडे टाकते. एक पालथा, एक उताणा पडला की होकार. तीनदा टाकले, तीनदा होकार.” तिने मानेवर हात नेला. “आणि खरंच, बाई, मी विचार करायच्या आधीच उत्तर येतं. इथे गार लागतं आणि आकडा समोर असतो. दुसऱ्याचे मार्क मी कशी घेऊ?”

बाई हसल्या नाहीत. यंत्रं रुसू नयेत म्हणून त्यांच्याच प्रयोगशाळेत प्रत्येक यंत्रावर खाऊची हिरवी पुडी ठेवलेली असे, आणि तारीख उलटण्याआधी ती त्या स्वतः बदलत.

त्यांनी तराजू काढला. दोन्ही पारड्यांत सारख्याच पाण्याची भांडी ठेवली. एका भांड्यात पिंगपाँगचा चेंडू दोऱ्याने तळाशी बांधला. दुसऱ्यात त्याच आकाराचा लोखंडी गोळा बाहेरच्या वेगळ्या स्टँडवरून दोऱ्याने लोंबता सोडला. पाण्यात पूर्ण बुडालेला, पण तळापासून अधांतरी. मग दांडी हाताने धरून ठेवली.

“सोडली तर कुठली बाजू खाली?”

“लोखंडाची,” युन-शी म्हणाली आणि दचकून तिने ओठ मिटले. “बघा. आला दादा.”

बाईंनी दांडी सोडली. लोखंडाची बाजू खाली गेली.

“हाच प्रश्न मी तुझ्या दादाला याच टेबलावर विचारला होता. तराजू समतोल राहील म्हणाला. डोळ्यांदेखत पारडं खाली गेलं तरी पटेना. वर मलाच म्हणतो, बाई, तुमची पुडी शिळी झालीय, तराजू रुसलाय!”

युन-शी फस्सकन हसली. मग ते हसू तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं.

“म्हणजे ते गार लागतं ते...?”

“ते काय असतं मला ठाऊक नाही. उत्तर मात्र तुझं आहे.”

“मग तो कुठे असतो, बाई?”

बाईंनी तराजूकडे पाहिलं. गोळा पाण्यात किंचित झुलत होता. भांड्याला त्याचा कुठेच स्पर्श नव्हता, तरी पारडं खालीच होतं.

शुक्रवारी पर्यवेक्षण ज्येनबाईंकडेच होतं. दोनदा युन-शीची पेन्सिल थबकली. दोनदा तिने अर्धी मान वळवून मागच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. सगळी मुलं गेल्यावर तिने पेपर दिला. एकही प्रश्न कोरा नव्हता.

“शाब्बास.”

“आई पुन्हा कौल लावेल,” युन-शी म्हणाली. “या वेळी नकार आला तर?”

“तिला एकटीने विचारू देऊ नकोस. जवळ बस. गोळ्याचं सांग, पुडीचं सांग.”

युन-शीने मान हलवली. मान चोळत दारापर्यंत गेली, दार उघडून बाहेर पडली. पण दारावरचा हात तिने लगेच काढला नाही. मागून कोणी येत असावं, तसं ते दार क्षणभर धरून ठेवलं.